मावशीने पसंत केलेलं स्थळ

"सगळ्यालाच हो म्हणणारं स्थळ आलं ना, की चौकशी पुन्हा एकदा करायची." तलासरीच्या मावशीने हे मला माझ्या लग्नाच्या वेळी सांगितलं होतं. माझ्यासाठी आलेलं एक फार गोड बोलणारं स्थळ तिने परत पाठवलं होतं... आणि मी कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलले नव्हते.

परवा ते वाक्य असं काही उपयोगी पडलं की मी अजून त्याच आनंदात आहे.

मावशी म्हणजे आमच्याकडची लग्नं जुळवणारी. डहाणूपासून पार वापीपर्यंत तिने जमवलेले संसार आहेत. स्वतः लवकर विधवा झाली, मूलबाळ नाही, पण लग्नसराईत तिच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसायची.

आता तिला कॅन्सर आहे. केमोचा आता उपयोग नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. म्हणून आम्ही हॉस्पिस शोधत होतो... बरं करणारी नाही, तर दुखणं सांभाळणारी आणि शेवटपर्यंत सोबत करणारी माणसं.

मला मुंबईची एक जागा फार आवडली होती. स्वच्छ खोल्या, बाहेर झाडं, रात्रंदिवस नर्स. मावशीने चष्मा लावून मोबाइलवरचे सगळे फोटो बघितले आणि विचारलं, "यातल्या कुठल्या खिडकीतून तलासरी दिसते?"

विषय संपला.

मग तिनेच फर्मान काढलं. ज्यांना यायचंय त्यांनी घरी यावं. कांदेपोहे होतील, चहा होईल, आणि प्रश्न ती विचारेल. तिच्याकडे कित्येक वर्षं राहणारी, आता तिचं सगळं करणारी सविता हसत हसत कांदे चिरायला बसली.

पहिला आला वापीहून, एका खाजगी सेवेचा माणूस. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत फाइल. "बा, तमे चिंता ना करो," म्हणत त्याने सुरुवात केली. डॉक्टर केव्हाही येणार? हो. दुखणं पूर्ण थांबणार? शंभर टक्के. खरं सांगते, मला इतकं हायसं वाटलं...

मावशी म्हणाली, "आणि मला अर्ध्या रात्री तळलेले बोंबील खावेसे वाटले तर?"

"अमारो स्टाफ बनावी आपशे, बा." म्हणजे बोंबीलही त्यांचीच माणसं तळून देणार.

मावशीने त्याला आग्रह करकरून आणखी पोहे वाढले. मी काय ते समजले. नकार द्यायचा असला की ती अशीच दुसऱ्यांदा वाढते, म्हणजे माणूस निदान पोटभर खाऊन जातो.

परवा डहाणूहून एक सिस्टर आल्या. लहानशी संस्था, एकच गाडी. चारोटीला ट्रॅफिकमध्ये अडकल्यामुळे उशीर झालेला, चेहरा घामाने डबडबलेला. आल्या आल्या पाणी मागितलं. मला वाटलं, हे काही जमत नाही...

बोंबलाचा प्रश्न आलाच.

"खा की काकू. पण तळायला मी येणार नाही, मला तो वास सोसत नाही." आत सविता फिसकन हसली.

"बरं, रात्री बोलावलं तर येशील?"

"नाही. फोन उचलीन, काय द्यायचं ते सांगेन. पण औषध हातात द्यायला घरातलंच माणूस लागेल. त्याला मी शिकवीन."

मावशी जरा पुढे सरकली. "दुखणं पूर्ण जाईल?"

"तसं वचन नाही देत. कमी होईल, बहुतेक बरंच होईल. नाही झालं तर डॉक्टरांना विचारून औषध बदलू, परत बघू. तुम्ही फक्त दुखतंय ते लपवायचं नाही."

"ते माझ्याकडून व्हायचं नाही."

"मग मला तुमच्या तोंडाकडे बघत बसावं लागेल. बसेन."

सिस्टरची बशी रिकामी झाली. मी सवयीने पोह्यांचं पातेलं उचललं, तर मावशीने डोळ्यांनीच मला खाली ठेवायला लावलं. "पुरे झालं खाणं. औषध दाखव," ती सिस्टरना म्हणाली.

आईशप्पथ, मला तिथेच नाचावंसं वाटलं. स्थळ पसंत होतं.

मावशीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून औषध आधीच लिहून दिलं होतं. त्याच रात्री ते सुरू झालं. काल सकाळी सविताचा फोन आला... मावशी रात्रभर झोपली. आज तर झोपाळ्यावर बसून कुठल्याशा मुलाच्या बापाला फोनवर झापत होती म्हणे. जिला घोटभर चहाही नको झाला होता, तीच.

मावशीच्या शेवटाची तयारी करताना मला इतका आनंद होईल, असं कधी वाटलं नव्हतं. पण झालाय खरा.

फक्त एक गोष्ट राहिली. रात्रीचं औषध द्यायला कोण शिकणार, असं सिस्टरनी विचारलं तेव्हा मावशीने सविताचं नाव घेतलं. मीही हात वर केला होता. "तू डहाणूला आपल्या घरी जा, लेकीचं दहावीचं वर्ष आहे," एवढं म्हणून तिने माझा हात खाली केला. खरं कारण मला माहीत आहे. दुखतंय हे ती सविताला सांगते... मला कधीच सांगत नाही.

मावशी, स्थळांच्या ग्रुपमधून सवड मिळाली की तू हे वाचशील. रोज जागून सविता दमेल गं. शनिवारी मी बॅग घेऊन येते, त्या रात्रीचं औषध तरी माझ्या हातून घे. तू काय म्हणणार, ते मला माहीत आहे...

तरी सांगून ठेवते. मला पोहे दुसऱ्यांदा वाढू नकोस.