शंभरातला पंचविसावा

स्वराज्य मिळून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. खालापूर तालुक्यात, लोधिवलीच्या अंगाला आमची शाळा. मुलं चाळीस, शिक्षक दोन: हेडमास्तर आणि मी. एक दिवस वरून कागद आला. शाळेला पावडरीचं दूध मिळणार होतं, पण वजनाने हलकी असतील त्यांनाच, आणि तेही सगळ्यात हलक्यापासून मोजत शंभरात पंचविसाव्यापर्यंतच.

हेडमास्तरांनी चष्मा कपाळावर सारला. "आपल्याकडं शंभर पोरं हायत कुठं? पंचविसावा आणू कुठून? लागू नाय म्हणून लिहून टाकतो."

खरंच त्यांनी टाक उचलला. दूध हातचं जात होतं. मी दौत बाजूला सरकवली. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि गणितात मला कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नसे. आजही खपत नाही.

वाण्याकडचा भात तोलायचा मोठा तराजू आणून चिंचेच्या फांदीला टांगला. एकेकाला पारड्यात बसवलं आणि सगळ्यात हलक्यापासून सगळ्यात जडापर्यंत रांग लावली. मग रांग मधोमध तोडली.

"हे शंभरातले पन्नास," मी म्हणालो. हलकी अर्धी रांग पुन्हा मधोमध तोडली. "आणि हे पंचवीस. शंभर असते तर इथे पंचवीस उभे असते, चाळिसांत दहा आहेत. पाव तो पावच."

आता पुस्तकांत या जागेला पहिलं चतुर्थक म्हणतात. पंचविसावं शतमक म्हणतात तेही इथेच. नावं दोन, जागा एक.

हेडमास्तरांनी दहा डोकी दोनदा मोजली. "यापुढं वरचे कागद तुमीच वाचा," म्हणाले आणि हसत टाक माझ्या हातात दिला. मी असा फुगलो की विचारू नका. दहा नावं झोकात लिहिली आणि बाकीच्यांना वर्गात पिटाळलं.

रांगेत अकरावी होती डोंगरावरच्या वाडीतून चालत येणारी एक मुलगी. दहाव्यापेक्षा तिचं पारडं जेमतेम बोटभर खाली गेलं होतं. ती जागची हलली नाही.

"गुरुजी, परत कदी तोलाल?"

"पुढच्या महिन्यात."

"मंग तवर मी जेवत नाय," ती म्हणाली. "जेवले नाय तर येन ना मी दहात?"

माझं गणित बरोबर होतं. तिचंही बरोबर होतं. मला मात्र तिच्याकडे बघवेना.