पिळलेलं पोतं आणि चार भजनं

हे नीलाचलनाथा, हे चकाडोळ्या महाप्रभो! तुझ्या त्या वाटोळ्या, विशाल नेत्रांना पापणीच नाही. मग ते मिटणार तरी कसे? सारी लेकरं निजावीत आणि तू जागावंस, हेच तुझं ब्रीद. त्या जागरणाचा एक कण, केवळ एक कण, तू केंद्रापाड्याच्या किनाऱ्यावरच्या केतकीपाळ गावी एका बाईच्या पदरात टाकलास. आणि त्या माउलीनं तो पत्र्याच्या डब्यात भरून वर घट्ट झाकण लावलं! तिचं नाव हरप्रिया स्वाईं.

डबा पाहावा तर बिस्किटांचा, झाकणावर पुसट झालेला मोर. आत मात्र अवघा संसार! मेणानं तोंड बंद केलेल्या बाटलीत काडेपेटी, गुळासह बांधलेले चुडे, म्हणजे आपले पोहे, गाठी मारलेला दोर, विजेरी आणि हाक तीन शेतं ओलांडून नेणारी शिट्टी. हे वेड तिला लागलं कार्तिकातल्या महावादळात. लेक लिली तेव्हा कडेवर होती. शाळेच्या गच्चीखालच्या खोलीत सत्तावीस माणसं अडकलेली. तांदूळ होते, टोप होता, मोडक्या बाकांची लाकडं होती. कोरडी काडी तेवढी नव्हती! दोन दिवस सत्तावीस मुखांनी कच्चे तांदूळ चावले. त्या चावण्याचा आवाज हरप्रियेच्या कानातून पुढं कधी गेलाच नाही.

तेव्हापासून दर पौर्णिमेला तिनं गावाला अंगणात बसवलं. रिकाम्या तेलाच्या डब्यांचा तराफा बांधायला शिकवलं, ओल्या हातालाही सुटेल पण ओझ्याला सुटणार नाही अशी गाठ शिकवली. गाव शिकलं, पण हसत हसत. शेजारचा बाउरीबंधू तर तिला पाहताच कपाळाला हात लावी. "आली माउसी! सांग बाई, आज कुठलं संकट आणलंस? पूर की साप?"

"तुझी बायको माहेराहून परत येतेय," हरप्रिया म्हणे. "त्यावर माझ्या डब्यात औषध नाही."

आणि नवरा उच्छब? तो सर्वांत मागं बसून पान चघळी आणि मध्येच डुलकी काढी. वीस वर्षांत त्यानं एक गाठ धड मारली नव्हती, अशी हरप्रियेची पक्की समजूत.

परंतु ज्या गुडघ्यांवर ही माउली गावभर धावली, तेच गुडघे आता कुरकुरू लागले. कटकच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली; तिनं ती तीनदा मोडली. ज्येष्ठ सरता सरता रजपर्व आलं. धरणीमातेच्या विश्रांतीचे ते तीन दिवस! नांगर चालायचा नाही, कुदळ पडायची नाही, बायकांनी चुलीपुढं बसायचं नाही, उघडं पाऊल मातीला लावायचं नाही. पान खायचं, गाणी गायची आणि आंब्याच्या झाडाला टांगलेल्या झोक्यावर आभाळाला लाथ मारून यायची. लिली कटकहून माहेरी आली ती पदर खोचूनच.

"बोउ, अगं आई, तुझ्या गुडघ्यांचा आवाज माझ्या घरापर्यंत येतो. डॉक्टर म्हणतात, या वेळी टाळलं तर पुढं अंथरूण धरशील. चल माझ्याबरोबर."

"आणि माझ्या मागं काही झालं तर? या लोकांना काडी कुठल्या बाजूनं ओढतात ते माहीत नाही गं!"

"मग पैज. रजाचे तीन दिवस डबा माझ्याकडं. तू बोट हलवायचं नाहीस, तोंडातून शब्द काढायचा नाहीस. गाव सांभाळलं, तर तू कटकला यायचं. नाही सांभाळलं, तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

हरप्रियेनं मान डोलावली. मनात मात्र म्हणाली, प्रभो, माझे गुडघे गेले तरी चालतील, पण गाव राहू दे.

दोन दिवस आनंदात गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी पुरुषांनी स्वयंपाकाचा विडा उचलला. उच्छब डोक्याला गमछा बांधून वड्यांचं पीठ फेटत होता. बाउरीबंधू चुलीत लाकडं अशा भक्तिभावानं सारत होता की जणू यज्ञच मांडलाय! कढई तेलानं काठोकाठ. वर हातभर अंतरावर गवताच्या छपराची वळचण, आणि तिला लागून एका रांगेत बारा घरं. हरप्रिया झोक्यावर होती. झोका वर गेला की तिला कढई दिसे, खाली आला की आंब्याचं खोड.

वर गेली: तेल धुरावलेलं.

खाली आली, पुन्हा वर गेली: दोघे चवीवरून भांडताहेत.

खाली आली, पुन्हा वर गेली: कढईत भडका!

"बापरे!" बाउरीबंधू ओरडला आणि त्यानं पाण्याची बादली उचलली.

हरप्रियेनं झोक्याचे दोर घट्ट धरले. पेटल्या तेलात पाणी! तेल उसळणार, वळचण पेट घेणार, बारा घरं! तोंड उघडलं, समोर लिली, तिचाही चेहरा पांढराफटक. "ओरड बोउ, ओरड! पैज गेली खड्ड्यात!" ती किंचाळली. हरप्रियेनं श्वास घेतला, आणि तिच्या आधीच कुणीतरी तिच्याच आवाजात, तिच्याच ठसक्यात गर्जलं:

"तेलाच्या आगीला पाणी? मुडद्या, कानात काय चुना भरलायस?"

तो उच्छब होता!

"बादली ठेव खाली! आधी लाकडं ओढ बाहेर! पोतं आण पोतं! निथळतं नको, पिळून, पिळून आण!" बाउरीबंधूनं लाकडं ओढली, तागाचं भिजकं पोतं चार हातांनी मिळून पिळलं. उच्छबनं ते ढालीसारखं पुढं धरलं, मुठी त्यामागं दडवल्या आणि आपल्या बाजूनं पलीकडं असं अलगद पसरलं, जसं निजल्या लेकरावर पांघरूण घालावं. भडका गुदमरला. वळचणीची एक पेंढी धुमसू लागली होती. दोघांनी आकडीच्या बांबूनं ती खाली खेचली, आणि मघाची ती बादली आता सत्कारणी लागली.

"पोतं उचलू नकोस!" बाउरीबंधू उच्छबच्या हातावर मारत म्हणाला. "माउसी सांगते ना, गार होईपर्यंत डोकवायचं नाही!"

"मला शिकवतोस? माझी बायको आहे ती!"

"बायको तुझी, पण पौर्णिमेला घोरायचास तूच!"

"डोळे मिटून ऐकत होतो रे!"

उच्छबची एक भुवई साफ गेली होती. बाउरीबंधूचं बोट भाजलं होतं. हरप्रियेच्या ओठांवर आलं, टूथपेस्ट लावू नका! पण बाउरीबंधूनं आपणहून बोट गार पाण्याच्या घागरीत बुडवलं. "चार भजनं होईपर्यंत बाहेर काढायचं नाही," तो म्हणाला, "माउसीचं माप आहे. चला, धरा सूर!"

मग काय सांगावं! पुरुषांनी टाळ्या धरल्या, झोक्यांवरून बायकांनी ध्रुपद उचललं. घागरीत बोट, मुखात नाम! एका भुवईचा उच्छब मध्यभागी नाचतोय. हरप्रिया झोक्यावर हसतेय, रडतेय, वर जातेय, खाली येतेय, आणि प्रत्येक वेळी तिला दिसतंय की बारा घरं तिथंच आहेत, बारा छपरं तिथंच आहेत. चार भजनांची सात झाली. शेवटी बाउरीबंधूच विनवू लागला, "बोट सुरकुतलं रे देवा, आता तरी थांबा!"

झोका थांबला. लिलीनं आईपुढं सुपारीच्या पोयींच्या, म्हणजे झावळीच्या रुंद देठांच्या, वहाणा ठेवल्या.

"काय म्हणतेस, बोउ?"

"म्हणायचं काय? हरले." हरप्रियेनं नवऱ्याकडं पाहिलं. "अहो, वीस वर्षं सोंग केलंत?"

"तू शिकवताना फार सुंदर दिसायचीस, लिलीबोउ," उच्छब पीठ पुसत म्हणाला. "उघड्या डोळ्यांनी ऐकलं असतं तर एक शब्द ध्यानात राहिला नसता."

सारं अंगण हसलं आणि ती माउली लाजून चूर झाली. रज सरल्यावर धरणीमातेला न्हाऊ घालतात, त्या वसुमतीस्नानाच्या दुसऱ्या दिवशी ती लेकीबरोबर कटकच्या बसमध्ये चढली. खिडकीशी बसली आणि या वेळी तारीख मोडली नाही.

महाप्रभो, या बाईच्या पावलांना बळ दे. तिच्या धन्याची भुवई लवकर उगवो, लेकीचा शब्द असाच खणखणीत राहो. तिच्या घरची चूल जळावी ती केवळ अन्नासाठी, पाणी चढावं ते केवळ भाताच्या रोपांपुरतं. आणि तिच्या अंगणात जे जे येईल, माणूस, पाखरू, पाहुणा, ते पोटभर जेवून, हसत, सुखरूप घरी पोचो.