काळ्या मातीतला खड्डा

अकोल्यात जठारपेठेतल्या एका गल्लीसाठी मी पावसाच्या पाण्याचा आराखडा केला. नाली रुंद करायची नाही, रस्त्याकडेच्या उथळ खड्ड्यांत झाडं लावून पाणी तिथेच मुरवायचं, ही नवी पद्धत मी सगळ्यांना पटवली. जुलैत खड्डे आठवडाभर तुडुंब राहिले आणि घरोघर डास झाले. हिवरखेडहून आलेले बाबा काठावर उभे राहून म्हणाले, "काळ्या मातीत पानी मुरते काय रे? लहानपनी वावरात चिखलात फसत होता, इसरला काय?"

मग खड्ड्यांत रेती-गिट्टी भरली आणि तळाचा पाइप नालीला जोडला. पाणी एका दिवसात ओसरू लागलं. अहवालात मी 'स्थानिक मृदातज्ज्ञांचा सल्ला' असं लिहिलं. बाबांनी चष्मा लावून ते वाचलं आणि विचारलं, "हा कोन व्हय?"