डावी पाकळी

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. माझ्या गोष्टींतली भुतं शेवटी हटकून मांजर तरी निघतात, नाहीतर वाळत घातलेलं धोतर. शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो, झुरळ सोडून कशाला भीत नाही. तेव्हा हे लिहिताना पहिली लाज मलाच वाटते आहे...

चोवीस सालचा शिमगा. मी मंडणगडकडे मामांच्या गावी गेलो होतो. मामा गावचे पोलीस पाटील. पालखी देवळात परतली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भागी अंगणात येऊन उभी राहिली. खालच्या वाडीतली सून. नवरा सखाराम मुंबईला गिरणीत, सणासाठी बोटीने आलेला. तिचा हात कोपराखाली सुजून वाकडा झाला होता.

"पाटीलदादा, फौजदाराला वर्दी द्या. ह्या टायमाला तो मला जित्ती ठेवायचा नाय."

मामा काही वाईट माणूस नव्हते. पण फौजदार यायचा म्हणजे त्याची बडदास्त, कोंबड्या, साक्षी... शिवाय सखाराम भावकीतला. त्यांनी गावची नेहमीची वाट धरली — "देवीला कौल लावू. ती सांगेल तसं."

"देवीनं कशाला सांगायला पायजे? हात माजा मोडलाय, मी सांगतेय ना."

"तोंड लय चालतं गो तुझं," मामी आतून म्हणाली. पण हळदीचा लेप घेऊन बाहेरही तीच आली.

दुपारी गुरवाने देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांनी फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर भागीने नांदायला जायचं, डावी पडली तर वर्दी. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं.

पाकळ्या पडेनात. एरवी गाऱ्हाणं संपता संपता एक तरी गळतेच. त्या दिवशी उन्हं पायरीखाली उतरली, पाकळ्या वाळून कडेने मुरडल्या, तरी दगड सोडीनात. वाळकी पाकळी उभ्या, गुळगुळीत दगडाला धरून राहते कशी? वर्गात शिकवतो ते सगळं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. उपयोग शून्य.

"पाटीलनू," गुरव हळूच म्हणाला, "आज ऱ्हाऊ द्या. आईचं मन दिसत नाय."

मामांनी माशी हाकलावी तसा उपरण्याने वारा घातला — उजव्या अंगाला. उजवी पडली.

"झाला कौल."

भागीने मामांकडे पाहिलंच नाही; उपरण्याकडे पाहिलं. मग नवऱ्यामागून पायवाट उतरून गेली.

डावी तशीच राहिली. गुरव रोज देवीला आंघोळ घाली, पाणी पाकळीवरून वाहून जाई. मी नख लावून पाहिलं, हलली नाही. सखाराम मुंबईच्या बोटीने निघायच्या आदल्या दिवशी सकाळी गुरव धापा टाकत अंगणात आला. पाकळी खाली पडली होती... ओली, नुकती खुडल्यासारखी टवटवीत. तो सांगत होता तोवर खालच्या वाडीतून ओरडा ऐकू आला. सखारामने भागीच्या डोक्यात मुसळ घातलं होतं.

खुनाच्या खटल्यात सेशन्स कोर्टात मामांची साक्ष झाली. सोबत मी होतो. आरोपीच्या वकिलाने विचारलं, "बाईने आधी कधी तक्रार केली होती?"

"केली होती."

"मग वर्दी कुठे आहे?"

"दिली नाही. देवीला विचारलं."

कोर्टात हशा पिकला. "मग काय म्हणाली देवी?"

मामा कठड्याला धरून म्हणाले, "काही नाही म्हणाली, साहेब. मीच बोललो."

पण वर्दी नव्हती ती नव्हतीच. आधीचा त्रास कागदावर कुठेच नाही, म्हणून 'रागाच्या भरात' ठरलं आणि सखाराम थोडक्या सजेवर सुटला.

घरी येऊन मी पाट्यावर पाकळ्या लावून पाहिल्या. एकही टिकली नाही. "पाट्याला कौल लावून झाला असेल तर चटणी वाटू का?" बायको म्हणाली. डिंक, चीक, दगडाचा खडबडीतपणा — सगळी कारणं तपासली, एकही बसत नाही. पाकळीचं मला आजही सांगता येत नाही.

मामा पुढे बरीच वर्षं पाटील होते. कोणी बाई आली तर त्याच पावली वर्दी जाणार, हे त्यांनी घरात बजावून ठेवलं होतं. सकाळी अंगणात बसून वाट पाहायचे. कोणी आलं नाही. वाडीतले मार काही थांबले नव्हते. मामीला विहिरीवर सगळं कळायचं. एकदा तिने एकीला विचारलंही, बाई गो, आमच्याकडे का येत नाहीस?

ती कळशी उचलून म्हणाली, "नको, वैनी. पाटील देवळात नेतात."