खालचा ड्रॉवर

मी सुतार. गाव अमडापूर, दुकान खामगावात. माझ्या हातच्या ड्रॉवरला आवाज नसतो, ही माझी मिजास. करंगळीनं ढकलला की गुपचूप आत जातो. ज्यांचे ड्रॉवर कुरकुरतात ते सुतार भिंतीला दोष देतात, फरशीला देतात, प्लायला देतात. नाचता येईना अंगण वाकडं. अशा एकाशी मी भर दुकानात भांडलो होतो आणि पुढं त्याच्याकडचा चहासुद्धा सोडला. त्याच मी एकदा ड्रॉवर ज्यावर सरकतो तो चॅनेल जाणूनबुजून वाकडा बसवला.

घर पिंपळगाव राजाच्या पुढं, कापूसवाल्या शेतकऱ्याचं. बीटी कपाशीचं बियाणं नवीन आलं तेव्हाच्या चांगल्या वर्षांत त्यांनी मातीचं घर पाडून स्लॅब टाकला होता, पण ओट्याखालचं कपाट राहून गेलं होतं. ते करायला मला बोलावलं तोवर बोंडअळी परत आली होती. बाहेरून बोंड टपोरं दिसायचं, फोडलं की आत गुलाबी अळी आणि काळा पडलेला कापूस. फवारणी सुटली म्हणणारे लोक पुन्हा पाठीवर पंप घेऊन फिरत होते.

घरधनी माझ्या ओळखीचा. बाजारात भेटला की चेष्टा केल्याशिवाय सोडायचा नाही. ‘मिस्त्री, तुमचं कपाट पाहून बायको मलेच मोडीत काढते का काय,’ असं काही तरी. त्या सकाळी त्यानं ‘या मिस्त्री’ एवढंच म्हटलं, माझ्याकडं नीट पाहिलंही नाही आणि शेतात निघून गेला. ते मला खटकलं. पण पाहुण्यासारखं विचारत बसायला मी आलो नव्हतो.

कपाट बिनचौकटीचं होतं. चौकटीच्या कपाटात सुताराची चूक चौकटीमागं लपते. इथं प्लायची उघडी बाजू, आणि त्यावरच चॅनेल. ड्रॉवरची पेटी दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच कमी हवी, कारण तेवढ्यात चॅनेल बसतो. उंचीसाठी मी टेप लावतच नाही. प्लायचा एक ठोकळा कापतो, तो तळावर उभा करतो, त्यावर चॅनेल टेकवतो. मग तोच ठोकळा दुसऱ्या बाजूला. आधी लांबट भोकात स्क्रू, म्हणजे चॅनेल वर-खाली सरकवता येतो. गुण्या लावून काटकोनाची खात्री झाली की गोल भोकात पक्का. वरचे ड्रॉवर असे बसवले आणि घरधनिणीला हाक मारली. म्हटलं, ढकलून पाहा.

तिनं एक ढकलला. तो आवाज न करता मिटला. शाबासकीची वाट पाहत मी उभा होतो. तिचा चेहरा उतरला.

“मिस्त्री भाऊ, खालचा असा नोका करू,” ती म्हणाली. “त्याचा आवाज आला पाह्यजे. चांगला मोठ्ठा.”

मला राग आला. म्हटलं, “वयनी, आवाजाचा पाह्यजे होता तं दुसऱ्या सुताराले बलवायचं होतं. लय हायेत.”

ती दाराकडं पाहून आली. सासू अंगणात तूर निवडत होती. मग हळू आवाजात म्हणाली, “खालच्यात फवाऱ्याचं औषध ठेवाचं हाय.”

“स्वयंपाकघरात? डोकं फिरलं का वयनी? गोठ्यात ठेवा, कुलूप लावा.”

“कुलपाची चावी त्याहीच्याचपाशी राह्यते. फवारनी तेच करतात. अन् गोठा दूर हाय, तथी कोन आयकते?” ती थांबली. “माह्या चुलत दिरानं मांगच्या हंगामात घरातच घेतलं. घर भरून मानसं होती. कोनाले काही आयकू नाही आलं. आता आमचे हे तसेच बसून राह्यतात. बोलत नाहीत.”

सकाळचं ते ‘या मिस्त्री’ मला आठवलं. मी भ्यालो, खोटं कशाला बोलू?

मी उजव्या चॅनेलचं मागचं टोक खाली उतरवलं आणि पक्कं केलं. फार नाही, ड्रॉवर अडकायला नको होता. ओढला तेव्हा तो असा किंचाळला की माझे दात शिरशिरले. अंगणातून सासू ओरडली, “कोन हाय बे?”

“ड्रॉवर हाय, माय,” सुनेनं सांगितलं.

त्या कामावर कुणी माझं नाव घेऊ नये असं मला वाटत होतं. आणि तो आवाज बंद पडू नये असंही.

पुढच्या वर्षी कपाशी वरून हिरवीगार आणि आतून गेलेली. वेचणीच्या दिवसांत तिचा फोन आला. “भाऊ, ड्रॉवर आवाज करत नाही.” एवढं सांगून तिनं फोन ठेवला. मी हातातलं काम टाकून निघालो. वाटेत स्वतःला समजावत होतो की वाकडा चॅनेल घासून घासून झिजला असेल. असं होतं.

ड्रॉवर ओढला. माझ्या वरच्या ड्रॉवरांसारखा तो गुपचूप बाहेर आला. आत बाटल्या होत्या. मी चॅनेलवरून बोट फिरवलं. बोट चिकट झालं. वास घेतला, शिलाई मशीनचं तेल. दोन्ही बाजूंना, मागच्या टोकापर्यंत, निगुतीनं घातलेलं.

“तुम्ही टाकलं?” मी विचारलं.

तिनं नकारार्थी मान हलवली आणि ओट्याला धरून खाली बसली.

तेवढ्यात घरधनी दारात आला. किती वाळला होता! गाडीवरचं माझं सामान त्यानं ओळखलं असणार. मी बोट तसंच वर धरलं.

“भाऊ, याले तेल कोनं टाकलं?”

“म्या,” तो म्हणाला. “लय बोंबलते.”

त्याचा हात धरावा की त्याच्या मुस्काटात ठेवून द्यावी, मला कळेना. मला एकच काम येतं. मी बाटल्या बाहेर काढून ओट्यावर मांडल्या, ड्रॉवर उचकटला, चिंधी रॉकेलमध्ये भिजवून चॅनेल पुसून कोरडा केला. मागचा स्क्रू सैल करून टोक पहिल्यापेक्षाही खाली घेतलं. तो उभा राहून सगळं पाहत होता. सुतार नीट कामाची नासाडी करतोय हे कळायला सुतार असावं लागत नाही.

“तुम्हाले या ड्रॉवरनं सांगतलं,” बायकोकडं न पाहता तो म्हणाला.

“हाव,” मी म्हटलं. “त्याचं कामच बोंबलनं हाय. वढून पाहा.”

तो हलला नाही. मग उकिडवा बसला आणि त्यानं ड्रॉवर ओढला. रिकामा ड्रॉवर घरभर किंचाळला.

“कोन हाय बे?” अंगणातून म्हातारी ओरडली.

त्याचा हात मुठीवर तसाच राहिला. बायको उत्तर देणार होती, मी तिला खुणेनं थांबवलं. म्हातारीनं पुन्हा विचारलं, या वेळी घाबरून. काठी टेकत ती उठल्याचा आवाज आला.

“मीच हाय, माय,” तो म्हणाला. “बस तू. अथीच हाय मी.”