दुपारचं उघडं दार

केम गावाजवळच्या आमच्या शेतात घर बांधायचं ठरलं ते सासूबाईंसाठी. त्यांना मी आत्या म्हणते. आदल्या उन्हाळ्यात वस्तीवरच्या पत्र्याच्या खोलीत त्या चक्कर येऊन पडल्या. सोलापूरला शुक्रवार पेठेतल्या आमच्या फ्लॅटवर यायला त्या तयार नव्हत्या. शेरडं कुणाच्या गळ्यात घालायची, असं त्या विचारायच्या. मी नुकतीच नोकरीतून मोकळी झाले होते. तेव्हा बांधकामावर मी राहायचं आणि नवऱ्याने शनिवारी रेल्वेने यायचं, असं ठरलं.

मला एसीशिवाय गार राहणारं घर हवं होतं. वस्तीवर वीज नेमकी दुपारीच जाते. एसी भिंतीवर नुसता शोभेला राहिला असता. नवऱ्याचा या सगळ्यावर विश्वास नव्हता. शेवटी त्याने अट घातली. पहिला उन्हाळा बघायचा. आत्यांना दुपारी आत झोप लागली नाही, तर भिंत फोडून एसी बसवायचा आणि त्याच्यासाठी जनरेटर आणायचा.

आमच्या आर्किटेक्टबाई वयाने लहान, पण प्रश्नांना न कंटाळणाऱ्या. त्यांनी विटा उभ्या लावून मधे पोकळी राहील अशी भिंत सुचवली. ती पोकळी बघून गवंडी म्हणाला, "वैनी, हितं उंदरं ऱ्हात्याल की."

"राहू देत. भाडं घेऊ."

गच्चीवर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवले. पश्चिमेला खिडकी जवळजवळ नाहीच. गरम हवा बाहेर जावी म्हणून छतालगत झरोके ठेवले. घर उभं राहिलं, आत्या राहायला आल्या, आणि उन्हाळा सुरू झाला.

सकाळी घर छान गार असायचं. दुपारी तीनला आतबाहेर सारखंच. आत्या पदराने वारा घेत म्हणायच्या, "पत्र्याखाली हुतं तसंच हाय की गं. फकस्त फरशी गुळगुळीत."

मी कामाला लागले. एक थर्मामीटर आणला आणि खोल्याखोल्यांतून फिरवला. भिंतींना तळहात लावून पाहिला. त्या गारच होत्या. छतही फार तापत नव्हतं. मग ही उष्णता येते कुठून? आर्किटेक्टबाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, "दुपारी दारं-खिडक्या बंद ठेवता ना?"

"ठेवतो की," मी म्हणाले. ते मला खरंच वाटत होतं.

शेवटी देवघरातली उदबत्ती पेटवून धूर कुठे जातो ते पाहू लागले. सकाळी तो सरळ झरोक्याकडे चढायचा. मला त्याची गंमतच वाटायला लागली. भर दुपारी बैठकीत उदबत्ती धरली, तर धूर आडवा होऊन आत पळाला. जिकडून ढकलला जात होता तिकडे पाहिलं. पुढचं दार सताड उघडं, आणि त्यातून झळ आत येत होती.

ते दार रोजच उघडं होतं. खिडक्या मी स्वतः लावायचे. पण दिवसा पुढचं दार लावायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे माणूस घरात असलं की दार उघडं असतं. इतकी वर्षं फ्लॅटमध्ये काढूनही वस्तीवर आले की माझा हात त्या दाराला लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता दार लावलं. तीन वाजता आत चांगला गारवा होता. मी खूश. आत्या मात्र पलंगावर ताठ बसून. तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरच्या जाऊबाई खिडकीवर थापा मारायला लागल्या. "काय झालं वं? म्हातारीला बरं न्हाय व्हय?"

संध्याकाळपर्यंत गावात बातमी पोचली होती की शहरातल्या सुनेने सासूला कोंडून घातलंय. आत्यांनीच ती मला हसत सांगितली. पण दुसऱ्या दिवशी दार लावायला गेले, तर त्या उठून शेरडांच्या छपरात जाऊन बसल्या.

"आत्या, आत गार आहे. इथे पुन्हा चक्कर येईल."

"गार हाय की. तुरुंगात बी गारच आसतंय. दार लावलं की मानूस माघारी जातंय. मग मी बोलू कुनाशी, तुज्या उदबत्तीशी?"

दोन दिवस मी त्या दारासमोर उभी राहून विचार करत होते. दारापुढे छोटा पोर्च होता, दोन्ही बाजूंनी मोकळा. त्याच्या बाजू विटांच्या जाळीने भरायच्या, पुढे आणखी एक दार लावायचं. ते दिवसभर उघडं राहील आणि आतलं बंद. गवंड्याला बोलावलं.

"दाराम्होरं दार? वैनी, चोर दमून बसंल की मदीच."

"बसला तर पाणी देऊ."

काम झाल्यावर आत्यांनी त्या मधल्या जागेत आपल्या चपला काढल्या, पाण्याचा माठ ठेवला. येणारं माणूस चपला बघून तिथूनच हाक मारू लागलं. सकाळभर आत्यांची बैठक तिथेच. ऊन चढलं की त्या आत जायच्या. आत जाऊन झोपतात का, हे मात्र मला कळत नव्हतं. विचारलं की म्हणायच्या, "पडती आपली."

मे महिन्यातल्या एका शनिवारी नवरा भर दुपारी स्टेशनवरून आला, घामाने निथळत. येतानाच एसीवाल्याचा नंबर घेऊन आला होता. आतलं दार उघडून उंबऱ्यातच थांबला. पलंगावर आत्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या, पायांवर पातळ गोधडी. पंखा बंद होता. वीज गेली होती.

"झोपलीय?" त्याने हळूच विचारलं.

आत्यांनी डोळेही उघडले नाहीत. "झोपली हुती. आता आलायस तर दार लाव की. झळ येतीया."

त्याने दार लावलं. त्या नंबरवर फोन मात्र त्याने केला नाही. स्वयंपाकघराचा एक कोपरा संध्याकाळी अजून का तापतो, ते काही मला कळलेलं नाही. उदबत्तीचा नवा पुडा आणलाय.