राजाला रानात सोडून

मी घरात गोष्ट सांगायला बसलो की मुलं आधी विचारतात, "शेवट येतो ना तुम्हांला?" बापावर इतका अविश्वास बरा नव्हे. पण त्यांच्या आईने त्यांना माझी पाथर्डीकडची हकिकत सांगून ठेवली आहे, त्यामुळे मला बोलायला तोंड नाही.

लढाईचे दिवस होते. पाथर्डी तालुक्यातल्या एका कोरड्या गावात मी शाळामास्तर होतो. वय चोवीस, आवाज खणखणीत, आणि अक्कल आवाजाच्या मानाने बेताचीच. दिवाळी झाली की निम्मं गाव बैलगाड्या जुंपून कारखान्याकडे ऊस तोडायला जाई. निघण्याआधी सात दिवस मारुतीच्या देवळात पोथी लावायची रीत होती. सातव्या संध्याकाळी कथा पुरी व्हायची, लोक अक्षता टाकायचे, आरती व्हायची आणि दुसऱ्या सकाळी गाड्या हलायच्या. त्या वर्षी वाचून अर्थ सांगायचं काम माझ्याकडे आलं.

आदल्याच रविवारी मी नगरला एक पौराणिक बोलपट पाहिला होता. वनवासातला राजा, सोबत आंधळा हत्ती, मधे नदी, आणि अलीकडच्या काठावर ताटातूट झालेली राणी. सगळं थेटर मुसमुसत होतं. मीही. पण पाथर्डीची मोटार सुटायची वेळ झाली, म्हणून राजाला नदीपलीकडेच ठेवून मी उठलो.

पोथीतल्या राजाचा वनवास दोन ओव्यांत उरकला होता. पाचव्या दिवशी तिथे आलो आणि मला मोह झाला. बोट पोथीवर ठेवलं आणि तोंडाने बोलपट सुरू केला. बाया पदराने डोळे पुसू लागल्या. समोर कोणी रडताना दिसलं की सांगणाऱ्याला चढते. मला जरा जास्तच चढली. सहाव्या दिवशी शेजारच्या गावचे लोक आले. सातव्या दिवशी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. राजा पलीकडे, राणी अलीकडे, आणि माझ्यापाशी पुढचं काहीच नाही! घाईघाईने पोथी बांधली, जयजयकार केला, आरती म्हटली. खोबरं वाटलं गेलं. सुटलो, असं वाटलं.

दुसऱ्या सकाळी टोळीचा मुकादम धापा टाकत शाळेत आला. "मास्तर, येशीवर चला. म्हातारी बैलांम्होरं बसलीया."

म्हातारी म्हणजे पहिल्या गाडीवाल्याची आई. टोळीत तिचा शब्द शेवटचा. ती वाटेत मांडी घालून बसली होती आणि मागे अकरा गाड्या खोळंबल्या होत्या.

"राजा रानात हाय," ती म्हणाली. "कथा अर्धी टाकून येस वलांडली, तर आमी बी तिकडंच ऱ्हायचो."

"परवा सकाळी फडावर न्हाई पोचलो तर मालक दुसरी टोळी लावंल," मुकादम कळवळून म्हणाला. "मग समद्यांनी खायाचं काय?"

मी गोड आवाज काढला. "आजी, राजा आला की परत."

"कवा?"

"काल. आरतीच्या आधी."

"मी हुते की तितं. मला न्हाई दिसला."

गाड्यांवरून हसू फुटलं. माझे कान तापले. तिथेच धुळीत बसलो आणि म्हणालो, "मग एक नावाडी आला..."

"त्या रानात चिटपाखरू न्हाई म्हनला हुता तुमी. नावाडी कुटला?"

"आये, यिऊ दे की गं नावाडी!" तिचा मुलगा ओरडला.

"गप ऱ्हा. पोरखेळ हाय का?"

मग मी राजाला हत्तीवर बसवून पाण्यात घातलं. म्हातारीने विचारलं, आंधळ्या हत्तीला काठ कसा दिसणार? तेवढ्यात तिसऱ्या गाडीतली एक बाई लेकरू पाजता पाजता म्हणाली, "रानीनं आल्याडनं हाक मारावी की. हत्ती आवाजावर यील."

"व्हय, त्ये पटतंय," म्हातारी म्हणाली. "पन पानी लई हाय."

"कुटलं लई!" मुकादम गरजला. "पार वसरलं! बैलाच्या पोटाला लागतंय, हत्तीला काय व्हतंय?"

राणीने हाक मारली. हत्ती चाचपडत, थांबत, पाण्यातून अलीकडे आला. राजा उतरला, घरी गेला, जेवला. जेवल्याचं म्हातारीने मुद्दाम विचारून घेतलं. मग तिने पदराची गाठ सोडली. आदल्या दिवशीच्या अक्षता तिने टाकल्याच नव्हत्या. त्या आता माझ्या डोक्यावर टाकल्या आणि हात जोडले.

मला राहवेना. हळूच म्हणालो, "आजी, हे पोथीतलं नव्हतं. बोलपटातलं होतं, आणि तोही मी अर्धाच पाहिला."

"ठावं हाय. तीन दिस पान कुटं उलटत हुता तुमी?"

"मग तुम्ही काल बोलला का नाहीत?"

"रानात तुमीच न्हेला हुता. म्हनलं, आनत्याल घरी." तिने मुलापुढे हात केला. "उठीव रं मला."

मुकादमाने इतका मोठा सुस्कारा सोडला की बैलांनी कान हलवले. एकेक करत अकराही गाड्या वेशीबाहेर पडल्या. शेवटच्या गाडीतून कोणीतरी ओरडलं, "मास्तर, फुडच्या साली राजाला लई लांब न्हिऊ नगा!"

"नाही नेत!" मी ओरडलो, आणि केसांतले तांदूळ झाडत किती तरी वेळ एकटाच हसत बसलो.